दोन नद्यांच्या बेचक्यात

बाळापूरचा किल्ला विटांचा आहे. सह्याद्रीतले दुर्ग पाहिलेल्या माणसाला ते नवल वाटतं. पण पूर्णेच्या खोऱ्यात कडे कुठले? सगळा काळ्या मातीचा सपाट मुलूख. म्हणून किल्ला बांधणाऱ्यांनी मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यातली उंचवट्याची जागा हेरली आणि कड्याचं काम पाण्यावर सोपवलं. दोन्ही नद्या फुगल्या की एक बाजू सोडून किल्ल्याला पाण्याचा वेढा पडे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आरंभलेलं काम अचलपूरच्या इस्माईलखानाने १७५७ मध्ये पुरं केलं, असं सांगतात. आत बुरूज आहेत, एकामागे एक दरवाजे आहेत. मला मात्र खरी तटबंदी नदीच वाटते.

बऱ्हाणपुराहून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांची एक वाट वऱ्हाडातून जाई. अकबराचा मुलगा मुराद याने इथेच जवळ शहापूर वसवलं. १७२० च्या ऑगस्टात, ऐन पावसाळ्यात, बाळापूरजवळ निजामउल्मुल्काने दख्खनच्या मोगल सुभ्याचा कारभार पाहणाऱ्या आलमअलीखानाचा पाडाव केला; मराठी फौजही त्या दिवशी आलमअलीच्या बाजूने लढली. हैदराबादच्या आसफजाहीचा पाया या चिखलात घातला गेला, हे वऱ्हाडातल्या किती शाळांत सांगतात?

नदीकाठची छत्री मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची. पुरंदरच्या तहाचे हे राजपूत सेनानी १६६७ मध्ये बऱ्हाणपुरात वारले. म्हणजे ही छत्री चितेची खूण नव्हे. प्रवाहाकडे पाहत बसण्यासाठीच ती उभारली असावी, असं तिथल्या खांबांशी बसलं की वाटतं. पुराने तिची एकदा मोडतोड केली आणि लोकांनी ती पुन्हा सावरली.

राजेरजवाड्यांइतकाच मला जवळचा वाटतो तो दासगणूंच्या गजाननविजय पोथीतला बाळापूरचा बाळकृष्ण रामदासी. दरवर्षी पत्नीसह सज्जनगडाची पायी वारी करणारा. देह थकल्यावर त्याच्यासाठी समर्थ रामदासच गजानन महाराजांच्या रूपाने बाळापुरी आले, अशी कथा आहे. महाराजांचं शेगाव इथून फार लांब नाही. तिथे जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून हे गाव पाहावं.

पूर्णेच्या खोऱ्यातला बराच पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी मचूळ, ओलिताला निकामी. अशा मुलखात गोड्या पाण्याची नदी म्हणजे गावाचा प्राण. काठच्या बाभुळबनात खंड्या, टिटवी, बगळे दिसतात. हरभऱ्या-तुरीच्या शेतांत रोह्यांचे (नीलगायींचे) कळप शिरतात आणि शेतकरी रात्र जागून काढतो.

उन्हाळ्यात मात्र पात्र कोरडं पडतं. किल्ला संरक्षित स्मारक आहे, पण त्याची निम्मी रचना पाण्याची होती आणि त्या पाण्याला कसलंच संरक्षण नाही. विटा डागडुजीने टिकतील; पाण्यावाचून किल्ल्याची जागाच उलगडत नाही. म्हणून बाळापूर श्रावण-भाद्रपदात पाहावं, आणि तटावर चढण्याआधी संगमावर जावं.