गर्दी वजा केलेलं भाषण

१९ जानेवारी २००४च्या रात्री हॉवर्ड डीन ओरडले, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. व्हरमाँटचे हे माजी गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते आणि आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर घसरले होते. खट्टू झालेल्या कार्यकर्त्यांना उभारी द्यायला ते मंचावर गेले, पुढच्या राज्यांची नावं एका दमात घेत सुटले आणि शेवटी त्यांनी एक आरोळी ठोकली. ती मग टीव्हीवर दिवसचे दिवस वाजत राहिली. माणसाचं डोकं फिरलंय की काय, असं ऐकणाऱ्याला वाटावं अशी.

सभागृहात हजर असलेल्या अनेकांना मात्र त्यात वावगं काही जाणवलंच नव्हतं. कल्लोळच एवढा होता की डीन काय बोलताहेत तेही धड कळत नव्हतं. त्यांच्या हातातला माईक तोंडाजवळचा आवाज उचलणारा आणि भोवतालचा गलका गाळणारा होता. घरोघरी पोचला तो त्या माईकचा आवाज. पुढे एबीसी वाहिनीच्या डायान सॉयर यांनी गर्दीचाही आवाज असलेली चित्रणं मिळवून दाखवली. त्यांत ती आरोळी गलक्यात विरून जाते.

माईकनं आपलं काम चोख केलं होतं, गोम तिथेच आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११मध्ये हे दाखवून दिलं, आणि लग्नाच्या पंगतीत बोलणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असतं. टीव्हीनं गोंगाट पुसला, चढलेला आवाज तेवढा ठेवला. कारण गायब, परिणाम हजर. (त्या आरोळीनं डीन बुडाले म्हणतात, ते अर्धंच खरं, आयोवा ते त्याआधीच हरले होते.)

चित्राच्या बाबतीत आपण एव्हाना बरेच शहाणे झालोय. रिकाम्या खुर्च्या चुकवत कॅमेरा फिरला की कुणीतरी बोट दाखवतंच. कान तेवढा संशयी नाही. खरं तर आपल्याकडची सभा गर्दीच्या आवाजाशिवाय अपुरीच. शिवाजी पार्कवरची ‘आवाज कुणाचा?’ ही घोषणा घ्या. नुसत्या मंचावरच्या माईकवर तिचा प्रश्न तेवढा ऐकू येईल, उत्तर मैदानातच राहील.

मग गर्दीचा माईक वाढवावा? तोही भोळा नसतो. तो ज्यांच्याजवळ लावलाय त्यांचाच आवाज मोठा. कठड्याशी उभे केलेले पढवलेले कार्यकर्ते ओरडले की सारं मैदान गर्जतंय असं घरी वाटतं. मागे कंटाळून निघालेल्यांचा आवाज कुठल्याच माईकला येत नाही. हल्ली तर मोठ्या सभांचं चित्रण अनेकदा पक्षाचीच माणसं करतात आणि वाहिन्यांना तयार फीड मिळतं. म्हणजे भाषणही त्यांचं, टाळ्यांचं बटणही त्यांच्याच हाती. अशा वेळी ‘चित्रण व ध्वनी : पक्षाकडून’ एवढं पडद्याच्या कोपऱ्यात, भाषण संपेपर्यंत, दिसत राहायला हवं.