मोह सैतानाचा, मग दोष कोणाचा?

ख्रिस्ती नाव उघडपणे धारण करणारा मनुष्य जेव्हा लोकांदेखत पडतो, तेव्हा मंडळीत दोन प्रकारची बोलणी कानी येतात. कोणी म्हणतो, तो खरा विश्वासी नव्हताच. कोणी म्हणतो, बिचाऱ्याला सैतानाने गाठले. पहिले बोलणे निष्ठुर आहे व दुसरे दयाळू दिसते. तथापि दोहोंमध्ये एक गोष्ट समान आहे, ती ही की, ती बोलणाऱ्याला पुढे विचार करण्याच्या श्रमातून सोडवितात. ह्या दोन्ही बोलण्यांची पारख करण्यासाठी आम्ही येथे एका प्रसिद्ध खेळाडूची हकीकत घेतो. तिचा काही भाग आपल्या नागपुरात व मुंबईत घडला आहे, म्हणून ती आपणांस अगदी परकी नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए हा १९६९ साली ब्लुमफाँटेन येथे जन्मला. १९९४ पासून २००० पर्यंत त्याने संघाचे पुढारीपण केले. त्याच्या हाताखाली संघाने ५३ कसोटी सामने खेळले. त्यांपैकी २७ जिंकले व केवळ ११ गमावले. वर्णभेदाचे राज्य संपून नव्याने उभ्या राहिलेल्या त्या देशाला तो आपला अभिमान वाटे. शिवाय तो प्रार्थनाशील ख्रिस्ती म्हणून सर्वांस ठाऊक होता. येशूने काय केले असते, ह्या प्रश्नाची आद्याक्षरे असलेली पट्टी तो मनगटावर बांधीत असे. ही पट्टी ढोंगाची होती असे म्हणण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही. ज्या हातावर ती पट्टी होती त्याच हाताने त्याने पैसे घेतले, एवढे मात्र खरे. आणि सगळी अडचण येथेच आहे.

प्रथम मुंबईची गोष्ट पाहू. डिसेंबर १९९६ मध्ये मोहिंदर अमरनाथ ह्यांच्या मदतीसाठी ठेवलेल्या सामन्याच्या वेळी क्रोनिएने आपल्या संघाची बैठक बोलाविली आणि हा सामना हरल्यास एवढे एवढे पैसे मिळतील, असे सर्वांसमोर सांगितले. रक्कम दोन लाख डॉलरांच्या वर सांगितली जाते. संघातील काही जणांनी स्पष्ट विरोध केला आणि शेवटी संघाने ती लाच नाकारली. येथवर गोष्ट चांगली आहे. पण पुढे काय झाले? कर्णधार कर्णधारच राहिला. ज्याने आपल्या माणसांपुढे लाच मांडली त्याच्याच मागून ती माणसे दुसऱ्या दिवशी मैदानात उतरली, व त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ उतरत राहिली. बंधूंनो, पंचांच्या बैठकीत एखादी वाईट सूचना येते, ती फेटाळली जाते, आणि मग सर्व जण चहा पिऊन घरी जातात. सूचना आणणाऱ्याला कोणी बाजूला घेऊन बोलत नाही. फेटाळली म्हणजे काम झाले, असे आपणांस वाटते. परंतु ज्याच्या मनातून ती सूचना निघाली त्याचे मन तर जसेच्या तसे राहते. त्या दिवशी एखाद्या वडीलधाऱ्याने त्याला एकांतात गाठून धमकाविले असते, तर पुढचे कदाचित टळले असते. कदाचित टळलेही नसते. पण तो प्रयत्न भावाने भावासाठी करावयाचा असतो.

जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियन येथे इंग्लंडशी कसोटी सामना होता. पावसाने तीन दिवस वाया गेले. तेव्हा क्रोनिएने इंग्लंडच्या कर्णधाराशी बोलून उभय संघांनी एकेक डाव सोडून द्यावा असे ठरविले. सामना रंगला, इंग्लंड दोन गडी राखून जिंकले आणि लोकांनी क्रोनिएच्या उदार मनाची वाहवा केली. पुढे कळले की, सामना अनिर्णित राहू नये म्हणून एका सट्टेवाल्याने त्याला गळ घातली होती, आणि त्याबद्दल त्याला सुमारे ५० हजार रँड व एक चामड्याचे जाकीट मिळाले.

हे जाकीट आमच्या मनातून जात नाही. एवढ्या मोठ्या पगाराच्या माणसाला जाकीट विकत घेता येत नव्हते काय? अलीशाचा सेवक गेहजी आपणांस आठवतो. धन्याने नामानाकडून काही घेतले नाही, हे पाहून तो रथामागे धावला आणि रुपे व वस्त्रांचे दोन जोड घेऊन आला. अलीशाच्या घरी त्याला वस्त्र मिळत नव्हते असे शास्त्र कोठे सांगत नाही. लोभाला गरज लागत नाही. आपल्याकडे आपण नेहमी गरिबाच्या चोरीविषयी बोलतो आणि पोटापुढे मनुष्य काय करील, असे म्हणतो. ते काही अंशी खरेही असेल. पण भरल्या पोटाची चोरी निराळ्या मुळातून निघते, आणि तिला मोहाचे नाव देण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे.

आता नागपूर. १९ मार्च २००० रोजी तेथे भारताविरुद्ध पाचवा एकदिवसीय सामना होता. क्रोनिएने आपल्या संघातील हर्शेल गिब्ज व हेन्री विल्यम्स ह्या दोघांस गाठले. गिब्जने २० धावांच्या आत बाद व्हावे, विल्यम्सने आपल्या षटकांत ५० हून अधिक धावा द्याव्यात आणि त्याबद्दल प्रत्येकी १५,००० डॉलर घ्यावेत, असे ठरले. दोघांनी होकार दिला. मग सामन्यात काय व्हावे? गिब्जने ५३ चेंडूंत ७४ धावा काढल्या. विल्यम्स खांदा दुखावल्यामुळे ११ चेंडू टाकून बाहेर गेला. आफ्रिकेच्या ३२० धावा झाल्या व ते दहा धावांनी जिंकले. सौदा मोडला, कोणाला पैसेही मिळाले नाहीत.

ह्या दोघांचा अपराध किती? प्रभूने दोन पुत्रांचा दृष्टांत सांगितला आहे. एकाने होय म्हटले व तो द्राक्षमळ्यात गेला नाही. येथे वाईटाला होय म्हणून न जाणारा पुत्र आपणांस दिसतो. त्याला आपण आज्ञाधारक म्हणावे काय? आमच्या मते नाही. विल्यम्सला खांद्याने अडविले, विवेकाने नव्हे. गिब्जची बॅट चालली म्हणून त्याचा सकाळचा होकार पुसला जात नाही. त्याने प्रथम ही गोष्ट नाकारली होती, पुढे चौकशीपुढे खरे सांगितले. दोघांस सहा महिने खेळण्यास बंदी झाली; ती आम्हांस योग्य वाटते.

परंतु ह्या प्रकरणातील अधिक काळी बाजू दुसरीच आहे. गिब्ज व विल्यम्स हे दोघेही त्या समाजातले होते, ज्याला वर्णभेदाच्या राजवटीने गोऱ्यांच्या खाली ठेविले होते व ज्याच्या मुलांना देशाच्या संघाचे दार पिढ्यान् पिढ्या बंद होते. ते दार नुकतेच उघडले होते. अशा वेळी गोऱ्या समाजातला सर्वमान्य कर्णधार त्यांच्याकडे येतो. नाही म्हणावे तर संघातली जागा कोणाच्या हाती आहे? आपल्यापैकी ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाटलाने बोलाविले असता नाही म्हणता येत नव्हते, त्यांना हे उलगडून सांगण्याची गरज नाही. स्वतः पडणे एक. लहानग्याला आपल्याबरोबर ओढणे हे दुसरे. जात्याच्या तळीविषयी प्रभू किती कठोर बोलला हे वाचकांस ठाऊक आहे.

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी जाहीर केले की, क्रोनिए व संजीव चावला नावाचा सट्टेवाला ह्यांचे टेलिफोनवरील संभाषण त्यांच्याजवळ आहे. क्रोनिएने साफ नाकारले. देशाने त्याच्यावर विश्वास ठेविला आणि पोलिसांना लबाड ठरविले. मग ११ एप्रिलच्या पहाटे अंधारातच त्याने क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर ह्यांना उठवून सांगितले की, आपण पूर्ण प्रामाणिकपणे बोललो नव्हतो. त्या वेळी त्याने दहा-पंधरा हजार डॉलरांची गोष्ट कबूल केली. जूनमध्ये न्यायमूर्ती एडविन किंग ह्यांच्या आयोगापुढे ती रक्कम एक लाखाच्या घरात गेली. कबुली अशी हप्त्याहप्त्याने आली. तरी त्या पहाटेच्या टेलिफोनला आम्ही हलके लेखीत नाही. अख्खा देश पाठीशी उभा असता तो आणखी पुष्कळ दिवस नाकारीत राहू शकला असता.

आपल्या कबुलीत त्याने म्हटले की, दुर्बलतेच्या क्षणी आपण सैतानाला व जगाला आपल्यावर सत्ता चालवू दिली. त्याच कबुलीत त्याने आपल्या पैशाच्या प्रीतीचाही उल्लेख केला. ह्या दोन वाक्यांत आम्हांस दुसरे अधिक मोलाचे वाटते. पहिले खोटे आहे असे नाही. एदेनात सर्पाने भुलविले हे हव्वेचे म्हणणे खरेच होते व देवानेही सर्पाला शिक्षा केली. तरी तेवढ्याने हव्वेची सुटका झाली नाही. तिला वेगळे उत्तर द्यावे लागले. मोह कोठून आला हा एक प्रश्न, हात कोणी पुढे केला हा दुसरा, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही. शिवाय १९९६ पासून २००० पर्यंत चार वर्षे होतात. चार वर्षांचा क्षण नसतो. त्या काळात पैसे मोजणे, लपविणे, पुन्हा टेलिफोन करणे, ही सर्व शुद्धीवर असलेल्या माणसाची कामे आहेत. उपदेशक बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे; कारण आपल्या मंडळ्यांत सैतानाचे नाव फार स्वस्त झाले आहे. दारू प्यायलो, सैतान. बायकोला मारले, सैतान. पारावर बसून सामन्यावर पैसे लाविले व बी-बियाण्याचे पैसे घालविले, तोही सैतान. सैतानाला एवढे काम असेल असे वाटत नाही.

ऑक्टोबर २००० मध्ये क्रोनिएवर आजन्म बंदी घालण्यात आली. तो न्यायालयात गेला. पुढल्या वर्षी त्याचा अर्ज फेटाळला गेला. तेव्हा कित्येकांनी विचारले, ख्रिस्ती लोकांच्या देशात पश्चात्तापी माणसाला क्षमा नाही काय? हा प्रश्न आपल्याही दारी येतो. दानपेटीचा हिशेब ठेवणाऱ्या भावाने पैसे खाल्ले, रडून कबूल केले, प्रभुभोजनास पुन्हा आला. आता पेटी पुन्हा त्याच्याच हाती द्यावी काय? आमचे मत असे की, देऊ नये, आणि ह्यात क्षमेला बाध येत नाही. क्षमा ही त्या माणसाची आहे. पेटी मंडळीची आहे. मेंढरे पाळण्याचे काम पेत्राला परत मिळाले, असे कोणी म्हणेल. होय, मिळाले, पण पेत्र भयाने पडला होता, त्याने कोणाला विकले नव्हते, आणि त्यालाही ते काम सोपविताना तीनदा तोच प्रश्न विचारला गेला. क्रोनिएला कर्णधारपद परत न मिळणे न्याय्यच होते. जन्मभर एखाद्या शाळेतील मुलांना चेंडू टाकावयास शिकविण्याचीही मनाई असावी काय, ह्याविषयी मात्र आमचे मन त्या मंडळाइतके निश्चित नाही.

पुढे त्याने अवजड यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. १ जून २००२ रोजी तो मालवाहू विमानातून घरी जात असता जॉर्ज शहराजवळच्या डोंगरावर ते विमान आदळले. तो ३२ वर्षांचा होता. हा देवाचा दंड झाला, असे तेव्हा बोलणारे होते व आजही आहेत. शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले, त्यांच्याविषयीही यरुशलेमेत असेच बोलत असावेत. त्या विमानात दोन वैमानिकही होते, व तेही मेले. त्यांच्यावर तर कोणी कसला आरोप केलेला नव्हता.