गुलाब-क्रूस संघ : नावाविना सेवा

साधकहो, इ.स. १६१४ मध्ये जर्मनीतील कासेल शहरात ‘फामा फ्रातेर्नितातिस’ ही निनावी पुस्तिका छापली गेली. ख्रिस्ती गूढसाधकांच्या ‘गुलाब-क्रूस’ बंधुसंघाची जगाला झालेली ही पहिली जाहीर ओळख. संस्थापक दमास्कस, फेझ येथे ज्ञान मिळवून परतला, अशी कथा तीत आहे. तो खरोखर होऊन गेला, याचा ऐतिहासिक पुरावा नाही. पण त्याच्या बंधूंचे नियम पाहा : रोग्यांवर विनामूल्य उपचार करावेत, वेगळा वेश धारण करू नये, संघ शंभर वर्षे गुप्त ठेवावा. पुढे याच नावाने अनेक संस्था निघाल्या, त्यांत पदव्यांच्या पायऱ्याही आल्या.

साधकहो, आज केलेली सेवा कुणालाही न सांगता आपल्याला राहता येते का? नाव गळून पडते, तेव्हाच सेवेची साधना होते.