पाच दिवसांची उधारी

ईमेल पाठवणारा सर्व्हर फार सोशिक असतो. समोरचा सर्व्हर बंद असला तरी तो पत्र फेकून देत नाही. रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार ठोठावतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची असते. ऑगस्ट २०२५मध्ये डेबियन १३ आलं आणि मी माझा मेल सर्व्हर त्यावर नेला, तो याच पाच दिवसांच्या भरवशावर.

या अपडेटमध्ये खरी मेख डोव्हकॉटची होती. आपला मेलबॉक्स फोनला उघडून देतो तो हा प्रोग्रॅम. डेबियन १३सोबत त्याची २.४ आवृत्ती येते आणि तिला २.३ची कॉन्फिग फाइल चालत नाही. जुनीच दिली तर ती सुरूच होत नाही. म्हणून आधी एका सुट्या मशीनवर नवी फाइल लिहून तपासली, बॅकअप घेतला आणि शनिवारी रात्री खरा सर्व्हर ४० मिनिटं बंद ठेवला. तेवढ्या वेळातली पत्रं कुठल्या कुठल्या अनोळखी मशीनवर थांबली आणि नंतर एकेक करून आली.

एवढा खटाटोप कशाला, असं मित्र विचारतात. स्वातंत्र्यासाठी, हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण मशीन भाड्याचं, आयपी पत्ता भाड्याचा, डोमेनचंही दरवर्षी भाडंच. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागायला सुरुवात केली, ते मुकाट्याने द्यावंच लागतं. मग यात माझं काय? बिघडलं तर कुणी उठायचं हे ठरलेलं आहे, एवढंच.

माझ्यापुरतं हे ठीक. पण याच सर्व्हरवर बाबांचाही पत्ता आहे. पेन्शन, बँक, विमा, सगळं तिथेच येतं. 'तू केलंयस ना, मग झालं,' एवढाच आमच्यातला करार. मोठ्या कंपनीने खातं अचानक बंद केलं तर दाद कुठे मागायची ते बाबांना कळणार नाही. इथे नुसती हाक मारली तरी पुरते. पण कंपनीत माणसं पाळीपाळीने जागतात, इथे पाळी माझ्या एकट्याचीच. मी महिनाभर दवाखान्यात पडलो तर? पाच दिवसांनंतर पत्रं परत जायला लागतील. त्याहून वाईट म्हणजे डोमेनचे पैसे भरायचे राहिले तर काही काळाने ते नाव कुणीही विकत घेऊ शकतं. मग बाबांच्या बँकेचं पासवर्ड बदलायचं पत्र त्या नव्या मालकाच्या हातात.

म्हणून बहिणीला एक पाकीट दिलं. त्यात पासवर्ड, बॅकअपची जागा, आणि हे झेपलं नाही तर बाबांचा पत्ता दुसरीकडे कसा हलवायचा याची दोन पानं. तिने ती उभ्या उभ्या वाचली.

"दादा, बाबांना विचारलंस का, त्यांना हे हवंय का?"

रविवारी घरी जाणार आहे. आधी त्यांची पत्रं नेमकी कुठे राहतात तेच सांगावं लागेल.