अभय कोण देतं?

भोपाळच्या विमानतळाला राजा भोजाचं नाव आहे आणि ते शोभतंही. भोजाच्या नावावरच्या ‘समरांगण सूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. हलक्या लाकडाचा पक्षी करायचा, पोटात पारा तापवायचा आणि त्या जोरावर आकाशात जायचं, अशी कल्पना त्यात आहे. पूर्ण कृती मात्र दिलेली नाही. ती गुप्त राखायची असते, असं ग्रंथच सांगतो. माझी सारी नोकरी इथल्या भेलमध्ये ट्रान्सफॉर्मर तपासण्यात गेली. त्यामुळे ‘कृती गुप्त’ म्हटलं की मी अडखळतो. ज्या यंत्राच्या भरवशावर माणसं राहणार, ते बनवणाऱ्याखेरीज आणखी कुणीतरी उघडून पाहिलेलं असलं पाहिजे.

मुंबईचं विमान धावपट्टीवर वळलं की ही डोळे मिटते आणि रामरक्षा सुरू करते. ओठ हलतात, आवाज नाही. आधी डोकं, मग कपाळ, डोळे, कान असा एकेक अवयव रामाच्या स्वाधीन करत ती गुडघ्यांपर्यंत येते, तोवर चाकं जमिनीवरून सुटलेली असतात. मी खिडकीशी. खाली बडा तालाब, थोड्या वेळानं नर्मदेची रुंद पट्टी, मग सातपुड्याच्या रांगा. मेघदूतातला मेघ याच मुलखावरून उलट दिशेनं येतो: रामगिरीहून, म्हणजे आपल्या रामटेकहून निघून नर्मदा ओलांडून आमच्या शेजारच्या विदिशेला. कालिदासानं ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात तर पुष्पकातली सीता खिडकीतून हात बाहेर काढून ढगाला शिवते असं दाखवलंय, आणि वीज तिच्या हातात दुसरं कंकण चढवते. विमानप्रवासाच्या आनंदाचं याहून सुंदर चित्र मला माहीत नाही.

मग सीतेला जे जमलं ते हिला का जमू नये? 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, हा आकडा हिला ठाऊक आहे. तरी मोटारीत ती निवांत असते. कारण तिथे ‘अहो, जरा हळू’ म्हणता येतं. विमानात कुणाला म्हणणार?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची सुरुवातच अभयानं होते. ज्ञानोबा तिथे आधी साधी गोष्ट सांगतात: महापुरात उडीच घेतली नाही तर बुडण्याचं भय नाही. मग दोन वाटा. एक, करणारा मी हा अहंकार उठू द्यायचा नाही. दुसरी, समोरचा दुसरा नाहीच, तोही आत्माच, असं जाणायचं. पाणी मिठाला बुडवायला येतं तोवर मीठच पाणी झालेलं असतं. खिडकीशी बसल्यावर मला जे हलकं वाटतं ते पहिल्या वाटेचं असावं. तिथे माझ्या हातात काहीच नसतं, आणि नसल्याचं दुःखही नसतं.

पण मी भोपाळचा आहे. 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री जयप्रकाश नगर, काझी कॅम्प इथली माणसं आपापल्या घरात झोपली होती. त्यांनी कुठल्याही पुरात उडी घेतली नव्हती. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्या माणसांना ‘अहंकार सोडा, अभय मिळेल’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. 12 जून 2025 ला अहमदाबादेत विमान कोसळलं तेव्हा मेडिकल कॉलेजच्या मेसमध्ये मुलं जेवत होती. त्यांना कुठली वाट सांगायची?

म्हणून मला दुसरी वाट महत्त्वाची वाटते, आणि ती भिणाऱ्याच्या आधी दुसऱ्या कुणीतरी चालायला हवी. बृहदारण्यक म्हणतं, भय दुसऱ्यापासून उपजतं. हे वाक्य आपण नेहमी भिणाऱ्याला ऐकवतो. मी ते व्हॉल्व्हपाशी बसलेल्याला ऐकवीन. भिंतीपलीकडचे लोक ‘दुसरे’ आहेत असं त्यानं धरलं की भय जन्मतं, फक्त ते भिंतीच्या पलीकडे जन्मतं. त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरची गाडी वेळेआधी सोडली, शेजारच्या स्टेशनांना कळवून इकडे येणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि स्वतः मात्र त्या वायूत थांबले. अद्वैत मी पुस्तकात वाचलंय. ते करून दाखवलेलं म्हटलं की मला हे नाव आठवतं.

आमच्या टेस्ट बेमध्ये इम्पल्स टेस्ट असायची. आभाळातली वीज पडावी तसा लाखो व्होल्टचा झटका द्यायचा, कडाड् आवाज व्हायचा, मग स्क्रीनवरच्या दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसतात का ते पाहायचं. केसभर फरक दिसला तर टाकी उघडायची, मग डिस्पॅचवाले कितीही ओरडोत. रिपोर्टवर सही करताना तो ट्रान्सफॉर्मर कुठे जाणार आणि त्याच्या आसपास कोण वावरणार, हे मला माहीत नसायचं. त्या अनोळखी माणसाचं अभय माझ्या सहीत होतं. तशाच कुणाच्या तरी सहीवर आज मी खिडकीतून नर्मदा बघतो. हे धैर्य नव्हे, मिळालेलं दान आहे.

ही एकदा मुंबईला उतरताना म्हणाली, “ज्यानं रात्रभर हे विमान तपासलं, त्याला धड झोप मिळते का हो?” प्रश्न रामरक्षेइतकाच धर्माचा होता, आणि तो विमान चालवणाऱ्यालाही लागू पडतो. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 करणारा नियम 2025 मध्ये लागू झाला. त्या डिसेंबरात देशभर विमानं रद्द झाली, तेव्हा नियमच सैल करा असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मला ते वाढीव बारा तास मोकळे करून देणं हेच आजचं अभयदान वाटतं. त्यासाठी राजा भोजाच्या विमानतळावर रात्र काढावी लागली तरी आम्ही दोघं काढू.