अंग झाडणारा बोकड आणि होकाराचा प्रश्न

लहान मुलाला शेळीची ओळख करून देताना मोठी माणसे बहुधा तिच्या उपयोगापासून सुरुवात करतात: ती दूध देते, तिच्या लेंड्यांचे खत होते, तिचे मटण खातात. ही ओळख खोटी नाही, पण तिच्यात शेळी स्वतः कुठेच नसते. संस्कृतात 'अजागलस्तन न्याय' म्हणून एक दृष्टान्त आहे. शेळीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या मांसल गाठी स्तनांसारख्या दिसतात, पण त्यांतून दूध येत नाही, म्हणून निरर्थक वस्तूला ती उपमा देतात. ज्यातून माणसाला काही मिळत नाही ते निरर्थक, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. प्राण्याचे असणे त्याच्या उपयोगावर अवलंबून आहे काय, हा मूळ प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही. उस्मानाबादी ही शेळीची जात याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाते. 2023 मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तरी जातीचे नाव तेच राहिले. बहुतांशी काळी, अनेकदा जुळी करडे देणारी ही शेळी भूमिहीन कुटुंबाची अडीअडचणीची ठेव असते, आणि त्यामुळे ज्या करडाशी मूल अंगणात खेळते तेच पुढे बाजारात उभे राहते.

अशा मुलाला शेळीचा स्वभाव शिकवावा लागत नाही, फक्त त्याने जे पाहिले त्याला मोठ्यांनी दुजोरा द्यावा लागतो. व्यालेली शेळी करडू चाटून कोरडे करते आणि त्या पहिल्या काही तासांतच त्याचा वास ओळखू लागते. परके करडू सडाला तोंड लावू लागले की ती त्याला ढुशी देऊन दूर सारते. संध्याकाळी ती रानातून परतली की डालग्याखाली कोंडलेली करडे ओरडू लागतात आणि ती नेमक्या आपल्या पिलांकडे धावते. मागच्या पायांवर उभी राहून बाभळीच्या काट्यांमधला पाला ती ओठांनी अलगद खुडते, मात्र खाली पडून तुडवला गेलेला चारा हुंगून सोडून देते. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आडव्या असतात, त्यामुळे मान खाली घालून चरतानाही तिला आजूबाजूचा बराच प्रदेश दिसतो. पाणी मात्र तिला मुळीच सोसत नाही. पावसाच्या पहिल्या सरीलाच ती आडोसा गाठते आणि अंगावर थेंब पडले तर सर्वांग झाडते.

या शेवटच्या गोष्टीपाशी बालशिक्षण आणि धर्मचिंतन एकत्र येतात. जत्रेत किंवा नवसाला बोकड देताना अनेक ठिकाणी त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात आणि त्याने अंग झाडले की देवाने तो स्वीकारला, किंवा त्याने स्वतः होकार दिला, असे मानतात. शेळीच्या सहवासात वाढलेल्या मुलाला त्या थरथरीचे कारण आधीच ठाऊक असते. तरीही या विधीला केवळ अज्ञान म्हणणे योग्य ठरणार नाही, कारण ज्याला विचारायचे असा कोणी तिथे आहे, हे विचारणाऱ्याने मान्यच केलेले असते. दगडाचा होकार कोणी घेत नाही.

परंपरेलाही बळी देण्याविषयीची अस्वस्थता जाणवलेली दिसते. तुळजापूरला नवरात्रात होमाच्या वेळी अजाबळीचा विधी होतो, परंतु याच 'अज' शब्दावरून महाभारताच्या शांतिपर्वात देव आणि ऋषी यांच्यात वाद झाल्याची कथा आहे: देवांच्या मते अज म्हणजे बोकड, ऋषींच्या मते अज म्हणजे धान्याचे बीज, उपरिचर वसू राजाने देवांची बाजू घेतली आणि त्याचे आकाशातून पतन झाले. उमरग्याजवळच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात वास्तव्य केलेल्या बसवेश्वरांनी तर एका वचनात थेट बोकडालाच उद्देशून, वेदपठण करणाऱ्यांपुढे आक्रोश करण्यास सांगितले आहे. कुर्बानीविषयीच्या इस्लामी शिकवणीत जनावराच्या देखत सुरीला धार लावू नये आणि एकासमोर दुसऱ्याला कापू नये, असे आहे. बळी नाकारणारा आणि बळी देणारा, दोघेही इथे एक गोष्ट मानतात, ती म्हणजे हा प्राणी पाहतो आणि त्याला कळते. मतभेद आहे तो त्यापुढे काय करावे याबद्दल, आणि तो मतभेद पाच वर्षांच्या मुलावर लादण्याची घाई कोणत्याच बाजूने करू नये.

मात्र त्याच्याशी खोटे बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. करडू कुठे गेले असे मुलाने विचारल्यावर ते मामाच्या गावाला गेले असे सांगणे ही दया नव्हे. त्याने आपल्या डोळ्यांनी मिळवलेल्या ज्ञानाचा तो अपमान आहे. करडू विकले असेल तर विकले आणि कापले असेल तर कापले असे त्याला सांगावे, त्याला रडू द्यावे. आणि पाणी शिंपडल्यावर बोकड का थरथरला असे त्याने विचारले, तर त्याला पाणी सोसत नाही म्हणून, हेच उत्तर द्यावे.