तोलेदोची बिजागरी

माद्रिदमधल्या स्पॅनिशच्या वर्गात तीन आठवडे काढल्यावर आम्ही सहा जणांनी एका शनिवारी तोलेदोला जायचं ठरवलं. आदल्या दिवशी बाईंनी फळ्यापाशी उभं राहून ते नाव दोनदा उच्चारलं होतं. आपला दंत्य 'त' आणि शेवटी जरासा सैल सोडलेला 'द'. मी वहीत लिहिलं, 'टोलेडो'. कानावर एक पडत होतं आणि हात दुसरंच लिहीत होता. देवनागरीत त आणि द असताना माझा हात ट आणि ड कडे का वळला, हा प्रश्न तेव्हा मला पडलाही नाही.

प्लाथा एलिप्तिकाहून बस सुटते आणि सत्तरेक किलोमीटर दक्षिणेला, तासाभरात तोलेदोला पोचते. आमच्यात दोघं ब्राझीलची होती, एक जर्मन मुलगी, एक अमेरिकन विद्यार्थी, निवृत्तीनंतर भाषा शिकायला आलेले एक जपानी गृहस्थ आणि मी. दिवसभर फक्त स्पॅनिश बोलायचं, एवढाच नियम ठरला होता.

वर्गात बाईंसमोर बोलताना, किंवा ज्यांच्या घरी मी राहत होते त्या आजींना काही सांगताना, प्रत्येक वाक्य परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. भाषा त्यांची होती आणि मी ती हाताळत होते. बसमध्ये मात्र स्पॅनिश कुणाच्याच घरची नव्हती. ब्राझीलची मुलं पोर्तुगीजच्या सवयीनं बोलायची, जपानी काका क्रियापद शेवटपर्यंत हाताशी धरून ठेवायचे. चूक दाखवणारा पुढच्याच वाक्यात स्वतः चुकायचा. चार दिवसांत जेवढं बोलले नसेन तेवढं मी त्या एका तासात बोलले.

तोलेदो टेकडीवर वसलंय. तीन बाजूंनी ताखो नदीचा वळसा आहे. बस खाली थांबते, तिथून चालत गेलं की थोड्याच वेळात एक भव्य वेस लागते. तिच्या माथ्यावर पाचव्या कार्लोसचा दुतोंडी गरुड कोरलाय. नाव आहे पुएर्ता दे बिसाग्रा. मी पाटीसमोर थबकले. 'बिसाग्रा' म्हणजे स्पॅनिशमध्ये दाराची बिजागरी, आणि आपली बिजागरीसुद्धा पोर्तुगीजांच्या तोंडून याच शब्दावरून आलेली. वेशीच्या नावाचं मूळ अरबी मानतात, त्याचा दाराच्या बिजागरीशी संबंध नाही. तरी त्या दगडी कमानीखाली मला आमच्या जुन्या घराच्या कपाटाची करकर ऐकू आली. पगार, साबण, चावी, पाव हे पोर्तुगीजकडून आपल्याकडे आलेले शब्द. ते मला पाठ होते, पण स्पॅनिश शिकताना त्यांची आठवण एकदाही झाली नव्हती.

बाराव्या शतकात हे शहर भाषा शिकणाऱ्यांचं गाव होतं. इटलीतल्या क्रेमोनाहून गेरार्दो नावाचा विद्वान टॉलेमीच्या 'अल्माजेस्त' या खगोलग्रंथाच्या ओढीनं इथे आला. ग्रंथ लॅटिनमध्ये मिळेना, म्हणून तो अरबी शिकला आणि सत्तराहून अधिक ग्रंथ त्यानं लॅटिनमध्ये आणले. मला त्याहून जवळची वाटते ती एक जोडी. अवेंदाउथ हे ज्यू विद्वान आणि दोमिंगो गुंदिसाल्वो हे ख्रिस्ती धर्माधिकारी, दोघं मिळून काम करत. पहिले इब्न सीना या तत्त्वज्ञाचा अरबी ग्रंथ वाचून एकेक शब्द लोकांच्या रोजच्या बोलीत सांगत, दुसरे तो लॅटिनमध्ये उतरवत. मधली बोली हवेत विरून जाई, कागदावर तिचा मागमूस राहत नसे. पुढे याच शहरात जन्मलेल्या आल्फोन्सोनं, राजपुत्र असताना, 1251 च्या सुमारास 'कलिला आणि दिम्ना' अरबीतून थेट कास्तेलियन बोलीत करवून घेतलं. हे कलिला आणि दिम्ना म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक. मुख्यतः बोलण्यापुरती असलेली भाषा अशी ग्रंथाची झाली, आणि तीच आज आपण स्पॅनिश म्हणून शिकतो.

दुपारी थोकोदोवेर चौकात बसलो होतो. जपानी काकांनी माथापानची डबी घेतली होती. माथापान ही बदाम आणि साखरेची मिठाई, इथली खासियत. उठताना डबी त्यांच्या हातून निसटली आणि चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे फरसबंदीवर विखुरले. ते ओशाळून काहीतरी म्हणाले. "मी डबी पडलो" असा त्याचा अर्थ होत होता. जर्मन मुलीनं हळूच सांगितलं, "से मे कायो."

अमेरिकन मुलानं विचारलं, मध्ये हे 'मे', म्हणजे 'मला', कशाला? पाडली तर यांनीच ना?

या रचनेवर माझ्या वहीत इंग्रजीत अर्धं पान भरून टिपण होतं. अनपेक्षित घटना, कर्त्याची जबाबदारी, असं बरंच काही. मी ते दहा वेळा वाचलं होतं आणि बोलताना एकदाही वापरू शकले नव्हते. त्या क्षणी माझी आजी आठवली. कप फुटला, की ती म्हणायची, "माझ्या हातून पडला गं." 'पाडला' असं ती कधीच म्हणाली नाही. पडणं आणि पाडणं यांत आपण जो फरक करतो, तोच 'से मे कायो'मध्ये आहे. वस्तू पडते, आणि ज्याच्या हातून पडते तो वाक्यात एका बाजूला, थोडा ओशाळून उभा असतो. 'मे गुस्ता', म्हणजे 'मला आवडतं', याचंही तसंच. डोंगर मला आवडतो. आवडण्याची क्रिया डोंगराकडे, माझ्याकडे फक्त 'मला'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं, मराठी माणसाला ते जन्मापासून ठाऊक असतं. मी मात्र तीन आठवडे ते इंग्रजीतून समजून घेण्याचा खटाटोप करत होते, जणू मराठीला तिथे प्रवेशच नव्हता.

इंग्रजी मला हवी आहे, तिचं माझं वैर नाही. पण आपण जगातली प्रत्येक भाषा इंग्रजीच्या दारातून आत घेतो आणि घरातल्या भाषेला बाहेर थांबवतो, हे मला फार लागलं. अवेंदाउथना आपल्या रोजच्या बोलीतून इब्न सीना सांगायला संकोच वाटला नाही. मराठीतून स्पॅनिश समजून घ्यायचा संकोच मला वाटत होता, आणि तो कुणी लादलेला नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी ते अर्धं पान खोडलं आणि त्याखाली लिहिलं, 'माझ्या हातून पडली'. त्याच्या वर, नव्यानं, 'तोलेदो'. काका शेजारी बसले होते. त्यांनी ती अक्षरं निरखली आणि हे कसं वाचायचं ते विचारलं. मी वाचून दाखवलं, त्यांनी माझ्यामागून म्हटलं.

तुम्ही, किंवा तुमची मुलं, उद्या स्पॅनिश, जपानी, जर्मन, जी भाषा शिकायला बसाल तिच्या वहीचा समास मराठीसाठी मोकळा ठेवा. आणि पहिल्याच दिवशी त्या भाषेतल्या एखाद्या गावाचं नाव, कानाला जसं ऐकू येतं तसं, आपल्या अक्षरांत लिहा.